पाण्यालाही धूर

आमच्या घरात लसूण नव्हता. याचं कारण धर्म नव्हे, कंपनी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बंगळुरातल्या एका चहा कंपनीत टी-टेस्टर होते. लिलावाआधी मळ्यामळ्यांतून आलेला चहा चमच्याने सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि एका शब्दात त्याचा निकाल लावायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी लागणारी जीभ आणि नाक कंपनीच्या मालकीचं. ते जपायची जबाबदारी मात्र, पगाराशिवाय, माझ्या आईची.

म्हणून लसूण नाही. सकाळी हिंगाची फोडणी नाही. देवापुढे उदबत्ती नाही, नुसता दिवा. वासाचा साबण नाही. आणि आईच्या केसांत मल्लिगे नाही. मल्लिगे म्हणजे मोगरा, आणि हे बंगळुरात, जिथे संध्याकाळी बाजारात पाय ठेवला की फूलवाली हाताच्या कोपराने गजरा मोजत पुढे होते आणि न घेणाऱ्या बाईकडे जरा कीव करूनच बघते. आई कनकांबर माळायची, पुण्याकडचे अबोली म्हणतात ते. नारिंगी, देखणं, वास काडीचा नाही. एका माणसाचं नाक सकाळी ताजं राहावं म्हणून एका बाईनं जन्मभर बिनवासाचं फूल माळायचं. मी कळती झाल्यापासून यावर भांडले.

"हा जुलूम आहे, आई."

"असू दे की. कंपनीनं जीभ घेतली, उरलेला माणूस माझ्याकडे आला. तो काही वाईट नाही."

"तो बोलतो तरी कुठे?"

"म्हणून तर बरा आहे," ती म्हणायची, आणि तुझ्यासारखा नाही, हे नुसत्या डोळ्यांनी सांगायची.

कारण मी सतत बोलायची. कॉलेज सुटलं तेव्हापासून मी मळेकामगारांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात होते. पत्रकं लिहायची, चिकपेटच्या मागच्या गल्लीतल्या छापखान्यात उभं राहून छापून घ्यायची, रात्रीत खळ शिजवून पहाटे भिंतीला लावायची. कन्नडमध्ये लिहायची, मराठी आमच्या उंबऱ्याच्या आतली. माझी मावसभावंडं कॉम्प्युटर कंपन्यांच्या बसने इलेक्ट्रॉनिक सिटीला जायला लागली होती. अण्णा म्हणायचे, "सगळ्यांची मुलं कॉम्प्युटर शिकली. आमची खळ शिकली."

मी म्हणायची, "तुमची कंपनी ज्यांच्या घामावर चालते ना अण्णा, त्यांच्यासाठी शिकली."

"सरी, सरी," ते म्हणायचे. म्हणजे बरं, बरं. हा त्यांचा कन्नडातला पांढरा बावटा होता.

सोव्हिएत रशिया मोडला तसं कंपनीचं मोठं गिऱ्हाईक गेलं आणि साहेब लोक चारी दिशांना नवी गिऱ्हाइकं शोधायला लागले. तेव्हा हाँगकाँगकडचा एक व्यापारी ऑफिसात येऊन गेला. चहा त्याने काही घेतला नाही, पण जाताना पातळ कागदात गुंडाळलेली एक चकती ठेवून गेला. टेस्टिंगच्या खोलीत सगळ्यांनी ती हुंगली, हसले आणि अण्णांच्या पिशवीत टाकली.

आईने कागद उघडला. "अहो, ही गोवरी आहे."

दिसायला अगदी तशीच. गोल, काळपट हिरवी, मध्ये दाबलेली, कडेला पानांचे तुकडे सुटलेले. अण्णांनी समजावलं: हा कच्चा पु-एर चहा. चीनच्या दक्षिणेला डोंगरात मोठ्या झाडांची पानं तोडून कढईत परततात, उन्हात वाळवतात, मग वाफेवर मऊ करून दगडाखाली दाबतात. ताजा असताना कडूजहर. वर्षानुवर्षं ठेवायचा, मग कडूपणा मवाळ होतो.

"मग आत्ता काय करायचं ह्याचं?"

"चाखायचा."

तो व्यापारी करायची रीतही सांगून गेला होता. पहिलं पाणी ओतून टाकायचं, पानं जागी होण्यापुरतं. मग उकळतं पाणी घालून चार श्वास घेईपर्यंत ठेवायचं आणि लगेच गाळायचं. त्याच पानांवर पुन्हा पाणी, पुन्हा, पुन्हा. अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. टेस्टरचा नियम एकच असतो: प्रत्येक चहाला तेवढंच वजन, तेवढंच पाणी, वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत तेवढाच वेळ. निलगिरीचा असो, आसामचा असो. सगळ्यांना सारखी फूटपट्टी लावली तरच न्याय होतो, असं ते म्हणत. त्यांनी ती चीनच्या डोंगरालाही लावली. वाळू संपली, त्यांनी चमचा ओढला, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा थुंकायला धावताना पाहिलं.

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिने आपला नियम लावला. उरलेली पानं दूध, साखर, आलं घालून खळखळ उकळली. तो प्रकार आम्ही दोघींनी एकेक घोट घेतला आणि मोरीत ओतला. काडेचिराइतात कुणी साखर घालून थट्टा करावी तशी चव.

"चुलीतच घालायची चीज आहे ही," ती म्हणाली. पण टाकली नाही. कागदात बांधून कपाटावर ठेवली. "मवाळ होईल म्हणालात ना? बघू या, आधी ती होते का तुम्ही."

ते बघायला ती राहिली नाही. कावीळ झाली, पोटात गेली आणि पंधरवडाही काढला नाही तिने.

स्मशानात मीही गेले, नातेवाइकांनी नाकं मुरडली तरी. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, लाकडं ओली होती. ज्वाळा नव्हतीच, नुसता जाड, पिवळट धूर, जमिनीलगत सरकणारा. वारा फिरला तसे सगळे बाजूला झाले. अण्णा हलले नाहीत. मी त्यांचा हात धरून ओढलं, तरी नाही. धूर त्यांच्या अंगावरून जात राहिला आणि ते तोंड किंचित उघडं ठेवून, चमचा ओढल्यासारखे, श्वास घेत उभे राहिले.

त्यानंतर घर माझ्या हातात आलं, आणि मी सूड घ्यायचा ठरवला. लसूण आणला. हिंगाची फोडणी सकाळी सहालाच. तिच्या फोटोपुढे उदबत्ती. आणि फूलवालीकडून मल्लिगे, रोज, आईने आयुष्यात कधी माळली नाही अशी भरगच्च. मी डोक्यात ती घालून अण्णांना जेवायला वाढायची, त्यांच्या पानावर वाकून, मुद्दाम जवळून. बोला आता. म्हणा काही.

त्यांनी काही म्हटलं नाही. मला त्याचा फार राग आला. म्हणजे हे सगळं चालण्यासारखं होतं तर! एका शब्दावर सुटण्यासारखं होतं, आणि तो शब्द तिच्या हयातीत यांना सापडला नाही!

एकच गोष्ट ते म्हणायचे, दिवसातून केव्हाही. पेपरातून मान वर करून. "काय जळतंय गं?"

"काही नाही."

"गॅस बघ जरा."

"बघितला. बंद आहे."

"काहीतरी करपलंय."

माझ्या स्वयंपाकाला टोमणा, असं मी समजायची. एकदा मी चिडून म्हणाले, "मी जळतेय, अण्णा." थोड्या वेळाने मी बाहेर आले तर ते स्वयंपाकघरात शेगडीपुढे वाकून, बंद बर्नरवर तळहात धरून उभे होते.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा आमच्या गटाच्या खोलीवर निलगिरीच्या उतारावरच्या एका लहान मळ्यातून तिघी बायका आल्या. रात्रभर बसमध्ये बसून. त्यांचा चहा महिनोन् महिने नाकारला जात होता. ठपका एकच: स्मोकी. धुराचा वास. तिथली सुकवायची भट्टी लाकडावर चालायची. नळी कुठे फुटली की धूर चहात शिरतो, हे खरं. पण नळ्या उघडून झाल्या होत्या, बदलून झाल्या होत्या. मालकाने सांगितलं होतं, पुढचा लॉट परत आला तर फॅक्टरीला कुलूप. कुलूप म्हणजे मजुरांच्या लाइनीतली घरंही रिकामी करायची.

त्यांच्यातल्या थोरल्या बाईने कमरेची कापडी पुरचुंडी सोडून माझ्यापुढे धरली. तमिळमध्ये म्हणाली, "तूच बघ अम्मा. धूर येतो का, सांग."

मी नाक खुपसलं. चहाचा वास येत होता. दुसरा कसलाही नाही.

"कोण म्हणतं धूर?"

"बंगळूरचे कंपनीवाले. तिथे एक मोठे टेस्टर आहेत म्हणे. त्यांचा शब्द म्हणजे झालं."

त्या खोलीत माझे वडील कोण हे सगळ्यांना माहीत होतं, त्या तिघींना सोडून. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी दुपारी बसून पत्रक लिहिलं: 'एका जिभेची हुकूमशाही'. अजून मला ते तोंडपाठ आहे. चांगलं पत्रक होतं. प्रत्येक वाक्य चाबकासारखं. छापखान्यात सोमवारी टाकायचं ठरलं, आणि रविवारी सकाळी ती पुरचुंडी मी अण्णांपुढे टेबलावर ठेवली.

सकाळ अशासाठी की दुपारनंतर जीभ दमलेली असते, हे त्यांचंच म्हणणं. नंतर सबब नको. त्यांच्या घरच्या झाकणाच्या भांड्यात, त्यांच्याच घड्याळाने मी चहा केला. त्यांनी विचारलं नाही कुठला म्हणून. चमचा ओढला. डोळे मिटले.

"स्मोकी."

"नाही."

"काय नाही?"

"नाही धूर त्याला. मी प्यायलेय. आमच्या खोलीवरचे सगळे प्यायलेत."

"तुमच्या खोलीवरचे बिडी ओढतात."

"मी नाही ओढत! अण्णा, तिकडे बायका घराबाहेर पडायच्या बेतात आहेत, तुमच्या ह्या एका शब्दापायी. तुमच्याखाली दुसरा टेस्टर आहे ना? तो काय म्हणतो?"

"तोही स्मोकी म्हणतो."

"तुम्ही म्हटल्यावर म्हणतो! तुम्ही म्हणालात तर तो आंब्यालाही चिंच म्हणेल."

"नाक माझं आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तीस वर्षं हेच केलंय मी. तुझी पत्रकं नाहीत ही, वाटेल ते लिहायला."

मग मी काय केलं ते रागात केलं. स्टुलावर चढून कपाटावरची गोवरी काढली. आईने बांधलेली गाठ तशीच होती. स्क्रू-ड्रायव्हरने कडेचा टवका उपटला आणि म्हटलं, "हा चाखा. हा तर कुणाच्या मळ्याचा नाही, कुणाच्या भट्टीचा नाही. सांगा." घाईत घड्याळ विसरले. पाणी ओतलं, तशीच पानं भिजतायत तोवर ते ओतून दिलं कारण कपाटावरची धूळ होती, दुसरं पाणी घातलं आणि रंग दिसताच गाळलं. म्हणजे व्यापाऱ्याने सांगितलं होतं तसंच झालं, न ठरवता.

फिकट सोनेरी पाणी. मी आधी प्यायले. कडू होताच, पण आता तो जिभेच्या मागे सरळ येऊन उभा राहिला, अंगावर धावून नाही आला. वाळलेलं गवत, कच्चा जर्दाळू, उन्हातली सतरंजी. धूर? मी नीट शोधला. नाही.

अण्णांनी चमचा ओढला. थुंकले नाहीत. गिळलं.

"कडू आहे," ते म्हणाले. त्यांना त्याचं नवल वाटल्यासारखं. मग, "आणि धूर."

"ह्यालाही?"

"असतो पुष्कळदा. कढईखाली लाकूडच जाळतात ते लोक." पण ते थांबले होते. तोंड खळखळायला त्यांनी कोपऱ्यातल्या माठातलं गार पाणी घेतलं. घोट तोंडात धरला, घोळवला. गाल थांबले. मोरीत थुंकून ते पेल्याकडे बघत उभे राहिले.

"काय झालं?"

"पाण्यालाही आहे."

"काय?"

"धूर."

मी पेला हातातून घेतला आणि प्यायले. माठाची माती आणि पाणी.

"अण्णा, हे कधीपासून?"

ते परत खुर्चीत बसले. बोलले ते तुकड्यातुकड्याने, आणि एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आईला पोचवून आलो तेव्हापासून. आधी वाटलं कपड्यांना आहे. मग वाटलं घराला आहे, तू काहीतरी करपवतेस. ऑफिसात वाटलं किटलीला आहे. दोन किटल्या बदलून घेतल्या. बाकीच्या मळ्यांच्या चहात लागायचा तेव्हा म्हणायचो, यांच्या भट्ट्या तेलावर चालतात, इथे लाकडाचा धूर येईल कुठून? तो मी वजा करायचो. "त्या एका मळ्याची भट्टी लाकडाची. तिथे येऊ शकतो. म्हणून तिथला खरा धरला."

मला वाटलं होतं मी जिंकले की ओरडेन. मी हातातला पेला माठावर उपडा ठेवला, एवढंच.

"आणखी घाल पाणी," अण्णा म्हणाले.

मी घातलं. त्याच पानांवर, पुन्हा, पुन्हा. ते एकेक पेला पीत होते आणि प्रत्येकाचं सांगत होते: कडू इथे, जिभेच्या मुळाशी. तुरट गालांना. आणि गिळल्यावर थोड्या वेळाने घशातून वर काहीतरी गोड येतं, ऊस खाऊन बराच वेळ झाल्यासारखं. या सगळ्यावर धूर, पांघरुणासारखा. पण खाली कडू आहे. कडू खरं आहे.

"जीभ शाबूत आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम हिशेबी झाला. "रंग दिसतो मला. पान उघडलेलं दिसतं. तुरटपणा कळतो. निवृत्तीपर्यंत निभेल. तो मळा मी पास करून टाकतो उद्या, आणि यापुढे धूर हा शब्दच वापरत नाही. कुणाला कळणार आहे?"

मला कळणार आहे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल असतं तर मी टेबलावर हात आपटून म्हटलं असतं. मी एवढंच म्हटलं, "आणि ज्या मळ्याला खरंच धूर असेल, तो?"

त्यांनी भांड्यात पाहिलं. पानं पार फिकी झाली होती, बोटभर लांब उलगडून भांड्यात पडली होती. मी ती काढायला वाकले तसं त्यांनी माझ्याकडे, माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"काय घातलंयस ते केसांत?"

"मल्लिगे."

"आज?"

"रोज घालते अण्णा. वर्ष होत आलं."

ते बघत राहिले. मग हात पुढे केला. मी गजरा सोडून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि त्यात नाक बुडवलं, मी त्या पुरचुंडीत बुडवलं होतं तसं. बराच वेळ.

"हाही," ते म्हणाले. "हाही धूरच." आणि मग अगदी हळू, मला नव्हे, "मग तिला तरी घालू द्यायचा होता."

सोमवारी मी छापखान्यात गेले नाही. अण्णांबरोबर त्यांच्या ऑफिसात गेले आणि खाली जिन्याशी, वॉचमनच्या स्टुलावर बसले. ते वर गेले. वर काय झालं ते मला त्यांच्या हाताखालच्या टेस्टरने पुढे सांगितलं: अण्णांनी भांड्यांची अख्खी रांग मांडून घेतली, एकही चमचा उचलला नाही आणि सगळ्यांसमोर म्हणाले, माझं नाक गेलंय. वर्ष झालं. ह्या वर्षात मी स्मोकी म्हटलेलं सगळं पुन्हा चाखा, आणि मी खोलीत असताना चाखू नका. आधी कुणाचा विश्वासच बसेना. एकाला ती थट्टा वाटून तो हसलाही.

ते खाली आले तेव्हा हातात त्यांचा चमचा होता, रुमालात गुंडाळलेला. "सरी," ते म्हणाले. "चल."

त्या मळ्याचा चहा पास झाला. फॅक्टरीला कुलूप लागलं नाही, निदान त्या वर्षी नाही. थोरल्या बाईने बसवाल्याच्या हाती ताज्या चहाची पिशवी पाठवली. ती मी त्याच टेस्टरच्या घरी नेली, हे तिला आजही माहीत नाही. पत्रक मी बदलून लिहिलं. कुठल्याही मळ्याचा निकाल एका माणसाने लावू नये, दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत लावावा, अशी मागणी. ही सूचना अण्णांची. हुकूमशाही हा शब्द मी काढला नाही. जिभेच्या जागी कंपनी घातली, जी पहिल्यापासून तिथे असायला हवी होती. एका माणसाच्या नाकावर अख्खी माणसं टांगून ठेवायची आणि ते नाक कधी तपासायचंही नाही, ही कुणाची व्यवस्था? अण्णांना निरोपाचा हार मिळाला. कंपनीला त्या वर्षाबद्दल कुणीही काही विचारलं नाही. मी विचारते, अजूनही, पण ते कन्नडमध्ये. हे मराठीत लिहिते आहे कारण हे घरातलं आहे.

आता सकाळी अण्णा घरी असतात. आईच्या फोटोला मल्लिगेचा गजरा तेच घालतात, बाजारातून तेच आणतात. फूलवाली त्यांना मोजून वर चार फुलं जास्त देते. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही गोवरीचा टवका काढतो. चारच श्वास, जास्त नाही. दर वर्षी तो थोडा कमी कडू लागतो, हे आम्ही दोघंही कबूल करतो. अण्णा पहिला पेला माझ्याकडे सरकवतात. आता मी त्यांचं नाक.

"धूर आहे का गं?"

"नाही."

"मग मला लागतो तो नाही म्हणायचा."

"नाही म्हणायचा, अण्णा."

असं दर वेळी. मी कधी खोटं सांगितलं नाही.

परवा मी पेला उचलला. गवत होतं, जर्दाळू होता, मागून तो ओळखीचा कडू आला. आणि त्याच्याही मागून, जमिनीलगत सरकल्यासारखं, ओल्या लाकडाचं काहीतरी. मी पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला. अण्णा वाट बघत होते, फोटोकडे पाठ करून.

"काय गं? आहे का?"

"थांबा हं," मी म्हटलं, आणि उठून गॅस बघून आले. बंद होता. येताना माठातलं गार पाणी पेल्यात घेतलं आणि तोंडाशी नेलं. प्यायचं धाडस होईना.